स्ट्रोकमध्ये मेंदू थंड ठेवताना: उतरवणं, धरून ठेवणं आणि परत वर आणणं

स्ट्रोकच्या रुग्णाचं तापमान सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. पहिलं काम ताप चढू न देण्याचं. ते प्रत्येक रुग्णासाठी, साध्या वॉर्डातही करायचं असतं. दुसरं काम मुद्दाम थंड करण्याचं: कोअर तापमान (शरीराच्या आतल्या भागाचं) ३३ ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ तिथेच धरणं. हे फक्त आयसीयूत, लेखी प्रोटोकॉल हाताशी ठेवून, बहुतेकदा संशोधनाचा भाग म्हणून केलं जातं. पुढे दोन्ही कामं दिली आहेत, पण याच क्रमाने. ज्या युनिटला पहिलं नीट जमत नाही, त्याने दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

मजकूर गुठळीमुळे होणाऱ्या स्ट्रोकबद्दल आहे आणि तो आयसीयूतले डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठी आहे. औषधांचे डोस प्रौढांचे आहेत.

थंडी नेमकं काय करते

रक्तवाहिनी बंद झाली की मधल्या भागातल्या पेशी काही मिनिटांत मरतात. भोवतीचा भाग मात्र आजूबाजूच्या वाहिन्यांतून येणाऱ्या थोडक्या रक्तावर तग धरून असतो. त्याला पेनम्ब्रा म्हणतात आणि सगळी धडपड त्याच्यासाठी असते. मोठी वाहिनी बंद असेल तर सरासरी मिनिटाला १९ लाख न्यूरॉन जातात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. तापमान एका अंशाने उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते. पण फायदा तेवढाच नाही. ग्लुटामेट या रसायनाचा पूर, पेशीत घुसणारं कॅल्शियम, मुक्त कण, नंतरची सूज, रक्त आणि मेंदू यांच्यातल्या पडद्याला पडणारी भोकं, या सगळ्यांचा वेग थंडीत मंदावतो. एकाच वेळी इतक्या ठिकाणी काम करणारं औषध आजवर सापडलेलं नाही, म्हणूनच थंडीचं आकर्षण सुटत नाही.

प्राण्यांमध्ये चांगलं दिसलेलं माणसांत मात्र उतरलेलं नाही. युरोहिप-१ या युरोपीय चाचणीत १५०० रुग्ण घ्यायचे होते, ती ९८ वरच थांबली. २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा थंड केलेल्या गटाला फायदा दिसला नाही आणि ठरलेलं तापमान त्या गटातल्या जेमतेम एक तृतीयांश रुग्णांत गाठता आलं होतं. निकालापेक्षा हा शेवटचा आकडा शिकण्यासारखा आहे. जागा रुग्ण थंड करणं कागदावर वाटतं तितकं सोपं नाही. कवटीचा तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ३३ अंशांपर्यंत थंड करून पाहणाऱ्या डेप्थ-सॉस चाचणीतही फायदा मिळाला नाही, उलट गंभीर गुंतागुंती वाढल्या. त्यामुळे आज मुद्दाम थंड करणं हा स्ट्रोकचा नेहमीचा उपचार नाही, आणि नातेवाइकांशी बोलताना तसं स्पष्ट सांगावं.

तापाचं गणित वेगळं आहे. १९९६ मधल्या कोपनहेगनच्या अभ्यासात ३९० रुग्णांमध्ये, दाखल होतानाचं तापमान एका अंशाने जास्त असेल तर वाईट परिणामाची शक्यता दुपटीहून जास्त दिसली. ताप हेच कारण की मोठ्या इजेचं लक्षण, हा वाद अजून चालू आहे. इन्ट्रेपिड चाचणीत (२०२४) उपकरण लावून ताप रोखला गेला, तो खरोखर कमीही झाला, पण तीन महिन्यांनी रुग्णांच्या कामकाजात फरक दिसला नाही. दुसरीकडे ऑस्ट्रेलियातल्या क्यूएएससी अभ्यासात (२०११) परिचारिकांनी ताप, साखर आणि गिळणं या तिन्हींवर एकत्र काटेकोर लक्ष ठेवलं तेव्हा मृत्यू किंवा परावलंबन ५८ वरून ४२ टक्क्यांवर आलं. महागडं यंत्र नव्हतं. घड्याळ, थर्मामीटर, ग्लुकोमीटर आणि शिकवलेली माणसं होती.

पहिलं काम: ३७.५ ची रेषा

पहिले ७२ तास दर चार तासांनी तापमान घ्यावं, रात्रीही. ३७.५ किंवा जास्त आलं की पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ ते १ ग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसाला एकूण ४ ग्रॅमच्या आत. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर किलोमागे १५ मिग्रॅ. यकृताचा आजार असेल तर दिवसाचं प्रमाण निम्म्यावर आणावं. गिळण्याची चाचणी झालेली नसेल तर तोंडाने गोळी देऊ नये, गुदमार्गे किंवा शिरेतून द्यावं. शिरेतून दिलेलं पॅरासिटामॉल रक्तदाब खाली आणू शकतं. पेनम्ब्रा रक्तदाबावरच जगत असतो, म्हणून ते १५ मिनिटांत हळू द्यावं आणि दाब बघत राहावं.

पॅरासिटामॉलकडून फार अपेक्षा ठेवू नये. दिवसाला ६ ग्रॅम देऊनही सरासरी पाव अंशाच्या आसपासच फरक पडतो, आणि इतका मोठा डोस सरसकट देण्याने फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. ३८ च्या पुढे ताप गेला तर औषधाबरोबर कारण शोधणं सुरू व्हायला हवं: छातीचा एक्स-रे, लघवी, शिरेतल्या सुईची जागा, पायातली गुठळी. तासाभरात अर्धा अंशही उतरला नाही तर पांघरूण काढावं, खोलीचं तापमान कमी करावं, पंखा, मग थंड पाण्याची चादर. हे करताना रुग्ण कुडकुडू लागला तर आपण उलट्या दिशेने चाललो आहोत, हे ओळखावं.

दुसऱ्या कामाआधी

गुठळी काढणं किंवा विरघळवणं हेच मुख्य. थंड करण्याच्या तयारीमुळे अल्टिप्लेज किंवा टेनेक्टिप्लेज ही गुठळी विरघळवणारी औषधं एक मिनिटही उशिरा जाता कामा नयेत, आणि कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळीने गुठळी काढतात त्या खोलीत, पोहोचायला तर मुळीच उशीर नको. काम वाटून घ्यावं. एकजण फक्त उपचाराच्या वेळा सांभाळतो, दुसरा फक्त तापमान.

सीटीत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जावं. जोराची हृदयविफलता, हाताबाहेर गेलेला संसर्ग, रक्त गोठण्याचा आधीचा दोष, हृदयाच्या ठोक्यांची मोठी अडचण, सिकल सेल, थंडीने गोठणारी प्रथिनं रक्तात असणं, गरोदरपण: यातलं काहीही असेल तर थंड करू नये. मानसिक आजारावरच्या औषधांची यादी नातेवाइकांकडून आधीच घ्यावी. पुढे हुडहुडी थांबवायला पेथिडीन लागतं आणि ते एमएओ रोधक औषधांबरोबर जीवघेणं ठरू शकतं. इतर काही नैराश्यरोधकांबरोबरही सेरोटोनिन वाढण्याचा धोका असतो.

नळ्यांचा क्रम आधी ठरवावा. गुठळी विरघळवणारं औषध दिल्यावर नाकातली नळी, लघवीची नळी, धमनीतली सुई घालणं शक्य तितकं पुढे ढकलायचं असतं, कारण जिथे टोचू तिथे रक्त वाहत राहतं. ज्या नळ्या हमखास लागणार आहेत आणि ज्यांना दोन-तीन मिनिटंच लागतात, त्या या औषधाच्या पहिल्या डोसाच्या (बोलसच्या) आधी घालाव्यात. जी नळी घालायला वेळ लागणार, ती थांबू शकते.

तापमान कुठे मोजायचं

सगळ्या प्रक्रियेची लगाम एका प्रोबच्या हातात असते. काखेतलं आणि कपाळावरचं मोजमाप इथे उपयोगाचं नाही, कारण त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. सर्वांत भरवशाचा अन्ननलिकेतला प्रोब. टोक अन्ननलिकेच्या खालच्या तिसऱ्या भागात, हृदयाच्या मागे असावं, आणि ते एक्स-रेवर पाहून घ्यावं. फार वर राहिला तर श्वासाच्या हवेचं तापमान दाखवतो, फार खाली गेला तर जठरातलं. मूत्राशयातला प्रोब सोयीचा आहे, पण लघवी कमी झाली की मागे पडतो. गुदाशयातला तर वेगाने थंड करताना बराच मागे राहतो. मॉनिटरवर ३४.५ दिसत असताना मेंदू आणि हृदय ३३.५ ला पोहोचलेले असू शकतात.

मेंदूचं तापमान कोअरपेक्षा साधारण अर्धा ते एक अंश जास्त असतं, इजा झालेल्या भागात त्याहून जास्त. कोअर ३४ आहे म्हणजे मेंदू ३४ ला आहे असं नाही.

दोन वेगळ्या जागी दोन प्रोब ठेवावेत. एक यंत्राला जोडलेला, दुसरा स्वतंत्र मॉनिटरला. दर चार तासांनी दोन्ही आकडे शेजारी लिहावेत आणि अर्ध्या अंशाहून जास्त तफावत दिसली तर कारण सापडेपर्यंत स्वयंचलित नियंत्रण बंद ठेवावं. याचं कारण एक ठरावीक अपघात आहे: कूस बदलताना यंत्राचा प्रोब निसटून गादीवर पडतो, यंत्राला वाटतं रुग्ण २८ अंशांवर गेला, आणि ते जोरात गरम करायला लागतं. पडद्यावर सगळं सुरळीत दिसत असतं.

उतरवणं

पद्धती मुख्यतः तीन आणि बहुतेकदा त्या जोडून वापरतात.

पहिली, थंड सलाईन. ४ अंशांवरचं ०.९ टक्के सोडियम क्लोराइड, किलोमागे २० मिली, ३० ते ६० मिनिटांत. ७० किलोच्या माणसाला १४०० मिली. साधारण एक ते दीड अंश उतरतो. हाताच्या जाड सुईतून, १६ किंवा १८ गेज, प्रेशर बॅग ३०० मिमी पाऱ्यावर. मानेतल्या सेंट्रल लाइनमधून एवढं गार पाणी थेट हृदयात सोडू नये. पिशवी फ्रिजमध्ये रात्रभर असायला हवी. दोन तास ठेवलेली पिशवी बाहेरून गार लागते, आतून नसते. स्टँडवर लटकत राहिली तरी गारवा जातो, म्हणून एक संपल्यावरच दुसरी बाहेर काढावी. डेक्स्ट्रोज नको, साखर वाढते. रिंगर लॅक्टेट रक्ताच्या मानाने किंचित पातळ असतं, सूज येऊ घातलेल्या मेंदूला सलाईनच बरं. हृदय कमजोर असेल तर ही पद्धत सोडून द्यावी. आणि फक्त सलाईनवर तापमान टिकत नाही, तासाभरात ते परत चढू लागतं, म्हणून पुढची पद्धत आधीच जोडून तयार हवी.

दुसरी, त्वचेवरून. गार पाणी फिरणारे चिकट जेल पॅड धड आणि मांड्यांवर लावले की ताशी साधारण एक ते दीड अंश मिळतो. पॅडखाली घडी राहू देऊ नये. दर दोन तासांनी एक कडा उचलून त्वचा बघावी, विशेषतः रक्तदाब वाढवणारी औषधं चालू असतील तर. पॅड नसतील तर बर्फाच्या पिशव्या मान, काखा आणि जांघांत, कापडात गुंडाळून. नियंत्रण मात्र कमी राहतं, ठरलेल्या तापमानाच्या खाली घसरण्याची भीती असते. लक्ष्याच्या अर्धा अंश आधीच पिशव्या काढाव्यात, कारण काढल्यावरही तापमान थोडा वेळ उतरतच राहतं.

तिसरी, रक्तवाहिनीतला कॅथेटर. मांडीच्या शिरेतून खालच्या महाशिरेत जातो, आत बंद वेटोळ्यात गार पाणी फिरतं, रुग्णाच्या रक्तात काही मिसळत नाही. वेग ताशी दीड ते चार अंश. मोठा फायदा असा की त्वचा मोकळी राहते, तिला गरम ठेवता येतं. किंमत म्हणजे शिरेत गुठळी आणि टोचलेल्या जागी रक्तस्राव. सोनोग्राफीखालीच घालावा.

डोक्याला थंड टोपी घालण्याची कल्पना ऐकायला सरळ वाटते. पण मेंदूला दर मिनिटाला मोठ्या प्रमाणात ३७ अंशांचं रक्त मिळत असतं, आणि कवटीबाहेरचा गारवा वरच्या थरापलीकडे फारसा पोहोचत नाही. घरी रुग्णाच्या डोक्यावर बर्फ ठेवून वेळ घालवणं तर निव्वळ नुकसानीचं आहे. तिथे एकच काम: लक्षणं सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवून स्ट्रोक उपचार असलेल्या रुग्णालयाकडे निघणं.

लक्ष्य किती? रुग्ण जागा आणि स्वतः श्वास घेत असेल तर ३५ किंवा फार तर ३४. नळी घालून झोपवलेला असेल तरच ३३. त्याखाली जाऊ नये. ३५ च्या खाली प्लेटलेटचं काम मंदावतं, ३३ च्या खाली गोठण्याची साखळीही, आणि ३० च्या आसपास हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

हुडहुडी

इथेच बहुतेक प्रयत्न फसतात. शरीर आधी ३६.५ च्या आसपास त्वचेच्या वाहिन्या आकसतं आणि ३५.५ च्या आसपास कुडकुडायला लागतं. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी भट्टी पेटवणं: ऑक्सिजनचा वापर दुप्पट-तिप्पट, कर्ब वायू वाढतो, रक्तदाब चढतो, मेंदूतला दाबही. गुठळी विरघळवणारं औषध दिलेल्या रुग्णात १८०/१०५ ची मर्यादा याच कारणाने ओलांडली जाते. थंड करून जे कमवायचं ते हुडहुडी काही मिनिटांत खर्चून टाकते.

ती डोळ्यांना दिसण्याआधी हाताला लागते. जबड्याच्या कोनावर आणि छातीवर तळहात ठेवला की बारीक थरथर जाणवते. ईसीजीची रेषा केसाळ दिसू लागते. नोंद बेडसाइड शिव्हरिंग असेसमेंट स्केलवर करावी: ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे मान-छातीपुरती थरथर, २ म्हणजे हातही हलतात, ३ म्हणजे धड, हात आणि पाय सगळंच. उतरवताना दर १५ ते ३० मिनिटांनी, नंतर तासाला. १ पेक्षा जास्त अजिबात खपवून घेऊ नये.

औषधं हुडहुडी सुरू झाल्यावर नव्हे, थंड करायला सुरुवात करतानाच द्यावीत. पाया असा: पॅरासिटामॉल १ ग्रॅम सहा तासांनी, बस्पिरोन ३० मिग्रॅ आठ तासांनी, मॅग्नेशियम सल्फेट ताशी अर्धा ते एक ग्रॅम (रक्तातली पातळी ३ ते ४ मिग्रॅ प्रति डेसिलीटर), आणि त्वचा गरम ठेवणं. शेवटचं फुकट आहे आणि सर्वांत जास्त विसरलं जातं. हुडहुडीच्या नियंत्रणात त्वचेचा वाटा सुमारे २० टक्के असतो, म्हणजे त्वचा सरासरी ४ अंशांनी गरम झाली की हुडहुडीची रेषा अंदाजे एका अंशाने खाली सरकते. हातमोजे, पायमोजे, चेहऱ्यावर ऊबदार हवा. कॅथेटरने थंड करत असाल तर गरम हवेची चादर अंगभर, कमाल ४३ अंश.

एवढ्याने भागलं नाही तर डेक्समेडेटोमिडीन ताशी किलोमागे ०.२ ते १.५ मायक्रोग्रॅम किंवा एखादं ओपिऑइड (अफूच्या गटातलं औषध): फेंटानिल ताशी २५ मायक्रोग्रॅमपासून, किंवा पेथिडीन २५ ते ५० मिग्रॅ शिरेतून हळू. पुढची पायरी दोन्ही एकत्र. त्यानंतर प्रोपोफॉल मिनिटाला किलोमागे ५० ते ७५ मायक्रोग्रॅम, अर्थात श्वासनळीत नळी असेल तरच. सर्वांत शेवटी स्नायू शिथिल करणारं व्हेक्युरोनियम किलोमागे ०.१ मिग्रॅ.

पेथिडीन आणि बस्पिरोन एकमेकांना पूरक आहेत, दोन्ही मिळून हुडहुडीची रेषा ३४ च्याही खाली नेतात, आणि जाग्या रुग्णाला थंड करणं त्यामुळेच शक्य होतं. पण पेथिडीनचा उरलेला घटक मूत्रपिंड मंद असेल तर साठतो आणि झटके आणतो. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ते टाळावं. आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्यावर झटके दिसत नाहीत, म्हणून तेव्हा ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) चालू हवा.

डेक्समेडेटोमिडीन ठोके मंद करतं, थंडीही तेच करते. रक्तदाब ठीक असेल तर मिनिटाला ४० ते ५० ठोके चालतात, अॅट्रोपिनने तसाही फारसा फरक पडत नाही. दाब पडत असेल तर औषध कमी करावं.

धरून ठेवणं

एकदा लक्ष्य गाठलं की अर्ध्या अंशाच्या पट्ट्यात राहायचं. या काळात यंत्राच्या पाण्याचं तापमान दर तासाला लिहून ठेवावं, बऱ्याच ठिकाणी ते कोणी बघतच नाही. रुग्णाचं तापमान स्थिर आणि पाणी मात्र अधिकाधिक गार होत चाललं, म्हणजे रुग्ण आतून उष्णता तयार करतोय. एकतर सूक्ष्म हुडहुडी, नाहीतर संसर्गाचा ताप, जो यंत्र झाकून टाकतंय. पाणी १० अंशांच्या खाली टिकून राहिलं तर संसर्गाचे जंतू शोधणाऱ्या कल्चर तपासण्या पाठवाव्यात.

न्यूमोनिया हा या उपचाराचा सर्वांत मोठा तोटा. आयसीटीयूएस-एल या ५८ रुग्णांच्या चाचणीत थंड केलेल्यांपैकी निम्म्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांत १० टक्क्यांना. कारणं उघड आहेत: गिळता न येणं, पेथिडीनची गुंगी, थंडीने मंदावलेली प्रतिकारशक्ती. डोक्याची बाजू ३० अंश वर, तोंडाची स्वच्छता, कफ ओढणं, आणि गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने थेंबही नाही.

थंडीत लघवी वाढते आणि आकसलेल्या वाहिन्यांमुळे रक्तदाब खोटा चांगला दिसतो. तासाची लघवी मोजून तेवढं सलाईन परत द्यावं. पोटॅशियम पेशींच्या आत सरकतं. दर चार ते सहा तासांनी तपासून ३.५ ते ४ च्या दरम्यान ठेवावं, ४.५ च्या मागे लागू नये, कारण गरम करताना तेच पोटॅशियम बाहेर येणार आहे. इन्सुलिनचा परिणाम कमी होऊन साखर वाढते, ती १४० ते १८० मिग्रॅत ठेवावी. ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबतं. ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं तर ऑन्डान्सेट्रॉन, हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधं थांबवावीत. मिडॅझोलम, फेंटानिल, व्हेक्युरोनियम हे सगळं शरीरातून हळू बाहेर पडतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने दिलं तर साठत जातं.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात कर्ब वायूची चूक सहज होते. थंड शरीर तो कमी तयार करतं. सेटिंग तशीच राहिली की पातळी घसरते, मेंदूच्या वाहिन्या आकसतात आणि पेनम्ब्राचं रक्त आणखी तुटतं. लक्ष्य ३५ ते ४५ मिमी पारा. रक्तवायू तपासणी यंत्र नमुना ३७ अंशांवर मोजतं, खरा आकडा त्याहून कमी असतो, दर अंशामागे साधारण २ मिमीने. युनिटने ३७ अंशांचा आकडा वापरायचा की दुरुस्त केलेला, हे एकदा ठरवून सगळ्यांनी तोच वापरावा. एका ड्युटीला एक आणि दुसऱ्या ड्युटीला दुसरा, असं झालं की तक्त्यावरचा कल निरर्थक होतो.

परत वर आणणं

सगळ्यात जास्त माणसं इथे गमावली जातात. १९९८ मध्ये मोठ्या एमसीए स्ट्रोकच्या (मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीतल्या) २५ रुग्णांना ३३ अंशांवर ठेवलेल्या अभ्यासात ११ जण दगावले. थंड असताना मेंदूतला दाब आटोक्यात होता, गरम करताना तो उसळला आणि आवरता आला नाही. म्हणून उतरवताना घाई चालते, चढवताना नाही.

वेग ताशी ०.१ ते ०.२५ अंश. ३३ पासून ३६.५ पर्यंत ०.१ ने ३५ तास लागतात, ०.२५ ने १४. मोठा इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेला भाग) असेल तर कमी वेगच घ्यावा. यंत्र बंद करून शरीराला आपोआप गरम होऊ देणं म्हणजे नियंत्रित गरम करणं नव्हे. बंद करताच तापमान तासाला एक अंश किंवा जास्त उसळी मारू शकतं. यंत्र चालू ठेवूनच लक्ष्य पायरी-पायरीने वाढवावं.

सुरू करण्याआधी पोटॅशियमचं ड्रिप बंद, इन्सुलिनचं प्रमाण कमी. इन्सुलिनची परिणामकारकता परत येते आणि साखर झपाट्याने पडते, म्हणून दर तासाला तपासावी. वाहिन्या मोकळ्या होऊन रक्तदाब घसरतो, सलाईन आणि नॉरअॅड्रेनॅलीन तयार असू द्यावं. हुडहुडी परत येते, तिची औषधं ३६.५ पर्यंत सोडू नयेत.

डोळ्यांच्या बाहुल्या आणि शुद्ध तासाला तपासाव्यात. एक बाहुली मोठी झाली, शुद्ध घसरली किंवा ठोके मंद होऊन दाब वाढू लागला, की गरम करणं तिथेच थांबवावं. डोकं ३० अंश वर, मान सरळ. मॅनिटॉल किलोमागे ०.५ ते १ ग्रॅम किंवा ३ टक्के सलाईन २५० मिली, तातडीने सीटी, न्यूरोसर्जनला फोन. ६० वर्षांच्या आतल्या रुग्णात ४८ तासांच्या आत कवटी उघडण्याचा फायदा सिद्ध झालेला आहे. थंडी त्याची जागा घेत नाही. अशा रुग्णाच्या बाबतीत सर्जनशी बोलणं थंड करायला सुरुवात करतानाच झालेलं असावं.

थेट धमनीतून गारवा

सर्वांग थंड करण्याचे इतके त्रास असल्यामुळे आता लक्ष कॅथलॅबकडे वळलं आहे. गुठळी काढताना नळी आधीच मेंदूच्या धमनीत असते, तिच्यातूनच गार सलाईन सोडावं, ही कल्पना. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २६ रुग्णांच्या प्राथमिक अभ्यासात ४ अंशांचं सलाईन गुठळी काढण्याआधी मायक्रोकॅथेटरने (अगदी बारीक नळीने) गुठळीच्या पलीकडे ५० मिली आणि वाहिनी उघडल्यावर ३०० मिली दिलं गेलं. बाधित भागाचं तापमान किमान २ अंशांनी उतरलं, बाकी शरीराचं फार तर ०.३ ने. हुडहुडी नाही, गुंगीची औषधं नाहीत. हे अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे, पण जिथे चालतं तिथे अडचणी यांत्रिक असतात. पिशवीत ४ अंशांवर असलेलं पाणी लांब नळीतून हळू गेलं तर टोकाशी पोहोचेपर्यंत कोमट होतं, म्हणून नळी छोटी, आवरण घातलेली आणि पंप ठरावीक वेगाचा. गार पाण्यात हवा जास्त विरघळलेली असते आणि गरम होताना ती बुडबुड्यांच्या रूपात सुटते. मेंदूच्या धमनीत हे परवडणारं नाही, त्यामुळे बुडबुडे पकडणारा फिल्टर हवा आणि नळी भरून झाल्यावर काही वेळ थांबून पाहावी. आणि या ३५० मिलीची नोंद एकूण पाण्याच्या हिशेबात करावी.

३६.५ नंतर

यंत्र लगेच काढू नये. पुढचे ४८ ते ७२ तास उसळणारा ताप नेहमीचा आहे. पॅड किंवा कॅथेटर लक्ष्य ३६.५ ते ३७.५ ठेवून चालू राहू द्यावा. मांडीतला कॅथेटर मात्र गरज संपताच काढावा आणि काढण्याआधी शिरेची सोनोग्राफी करावी. गुठळी विरघळवणारं औषध दिलं असेल तर २४ तासांच्या सीटीत रक्तस्राव नाही हे पाहूनच अॅस्पिरिन सुरू होतं. थंड करण्याच्या गडबडीत ही सीटी राहून जाते, म्हणून तिची वेळ पहिल्याच तासाला बोर्डावर लिहावी. गुंगीची औषधं बंद केल्यावर रुग्ण उशिरा जागा होईल, मूत्रपिंड किंवा यकृत मंद असेल तर दोन-तीन दिवसही लागू शकतात. तेवढ्यात मेंदूच्या स्थितीबद्दल निर्णायक काही बोलू नये. न बोलता येणारा, न हलणारा रुग्ण औषधामुळे तसा आहे की इजेमुळे, हे तोवर तपासणीतून कळत नाही.